थंब लागत नाही

माझा धंदा दारांचा. सुताराची दारं नव्हेत, दारावरची मशीनं. हजेरीचं थंब मशीन, कार्ड रीडर, ईएम लॉक म्हणजे विजेच्या चुंबकाचं कुलूप, बूम बॅरियर, ट्रायपॉड गेट, हे सगळं मी लावून देतो आणि मग वर्षभर त्याच्यामागे धावतो. राहायला गोव्यात फोंड्याला, गिऱ्हाइकं कुंडई, वेर्णा, पिसुर्ले अशी इंडस्ट्रियल इस्टेटी-इस्टेटींत पसरलेली. पंधरा वर्षं झाली. या पंधरा वर्षांत फोनवर सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य कुठलं विचाराल तर "थंब लागत नाही". सकाळी साडेआठला फोन वाजला की मी हॅलो पण म्हणत नाही, सरळ विचारतो, "कोणाचा?"

आणि माझ्या घरात माझ्या आईचाच थंब लागत नाही.

बाबांची फॅमिली पेन्शन तिला मिळते, त्यासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो. २०१४ च्या नोव्हेंबरात जीवन प्रमाण सुरू झालं तेव्हा मीच मोठ्या हौसेनं तिला सांगितलेलं की आई, आता साहेबासमोर जाऊन उभं राहायची कटकट गेली, बोट ठेवलं की दाखला तयार. गेलो. काउंटरवरच्या बाईनं उजवा आंगठा घेतला, मशीनवर लाल दिवा. डावा, लाल. मग तर्जनी, मधलं, करंगळीसुद्धा झाली. बाई चांगली होती बिचारी, म्हणाली, "आजी, बोट जरा कपाळाला घासा." ही थट्टा नाही हां, कोरड्या बोटाला कपाळाचं तेल लागलं की ठसा बरा उठतो, मी स्वतः कामगारांना हेच करायला लावतो. आईनं घासलं. लाल. शेवटी आई वैतागून म्हणाली, "मी जिवंत आहे हे मीच सांगतेय समोर बसून, तर याला आणखी कोणाची साक्ष पाहिजे?"

मला तेव्हा हसू आलं आणि थोडी लाज पण वाटली, कारण असलीच मशीनं विकून माझं घर चालतं.

तिची बोटं मी नंतर घरी टॉर्च मारून बघितली. चाळीस-पंचेचाळीस वर्षं आदोळीवर रोज नारळ खवलेला, राखेनं भांडी घासलेली, मामाच्या कुळागरात सुपाऱ्या सोललेल्या. रेषा जवळजवळ नाहीतच, नाण्यावरचा छाप झिजावा तशा झिजून गेल्यात. वय वाढलं की कातडी पण सैल पडते, कोरडी होते, रेषांचा उंचवटा कमी होतो. मशीनच्या काचेखाली एक प्रिझम असतो, खालून उजेड टाकतात, जिथे बोटाची रेघ काचेला टेकते तिथून उजेड परत येत नाही म्हणून ती काळी दिसते, दोन रेघांमधल्या खाचेत हवा असते तिथून उजेड पूर्ण परत येतो म्हणून ती पांढरी. हे काळं-पांढरं म्हणजे तुमचा ठसा. आता रेघच सपाट असेल तर मशीनला दिसणार काय, एक करडा डाग. उजेडाऐवजी विजेवर ठसा वाचणारा कपॅसिटिव्ह सेन्सर आला तरी गोष्ट तीच, तो पण उंचवटा आणि खाच यांतला फरकच मोजतो.

काजू फॅक्टरीतल्या बायका, गवंडी, चिरे तासणारे, मासे साफ करणाऱ्या, या लोकांचे थंब लागत नाहीत. एसीत बसलेल्या मॅनेजरचा पहिल्या झटक्यात लागतो. पावसाळ्यात तर विचारूच नका, आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, जून-जुलैत बोटं ओली, काच ओली, मशीनच्या आत मुंग्यांची वसाहत, एकदा तर आतल्या सर्किटच्या पाटीवर पाल चिकटून मेलेली मिळाली.

बरं, आंगठ्याचा हा उद्योग मूळचा आपल्या देशातलाच. १८५८ साली बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या साहेबानं राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या पूर्ण पंजाचा ठसा करारावर घेतला, हेतू एवढाच की हा माणूस उद्या सहीवरून फिरू नये. पुढे १८९७ ला कलकत्त्यात जगातला पहिला फिंगरप्रिंट ब्युरो झाला. ठशांची वर्गवारी करायचं डोकं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी चालवलं आणि पद्धतीला नाव पडलं त्यांच्या वरच्या हेन्री साहेबाचं. त्यात नवल काही नाही. पण पूर्वी ज्याला लिहिता येत नाही त्याला आपण अंगठेबहाद्दर म्हणायचो, आता आयटीतला इंजिनियर पण रोज सकाळी रांगेत उभा राहून आंगठाच लावतो.

तर मुद्दा. आईच्या प्रकरणानंतर मी एक गोष्ट पहिल्यांदा नीट विचार करून बघितली जी मी रोज हातानं करत होतो. प्रत्येक मशीनच्या मेनूत आत कुठेतरी मॅचिंग थ्रेशोल्ड म्हणून सेटिंग असतं. मी लावतो त्या मशीनमध्ये २५, ३५, ४५ असले आकडे येतात. म्हणजे काय, तर मशीन कधीच "हा तोच माणूस" असं म्हणत नाही, ते फक्त मार्क देतं, हा ठसा त्या ठशाशी एवढा एवढा जुळतो. पास किती मार्कांना करायचं ते आपण ठरवतो. आपण म्हणजे कोण? कंपनीचा मालक नाही, एचआर नाही, मशीन बनवणारा पण नाही. शिडीवर चढलेला, तोंडात स्क्रू धरलेला मी. "थंब लागत नाही" अशी तक्रार आली की मी पासवर्ड टाकून आकडा उतरवतो, सगळ्यांचे थंब लागायला लागतात, सगळे खूष, चहा येतो. आकडा उतरवला की चुकीचा माणूस आत जायची शक्यता वाढली हे कोणी विचारत नाही, कारण चुकीचा माणूस आत गेला तर तो काही फोन करून तक्रार करत नाही ना.

नीट बघा, चुका दोन प्रकारच्या. आपल्या माणसाला बाहेर ठेवणं आणि परक्याला आत घेणं. एक कमी करायला गेलं की दुसरी वाढते, तराजूची दोन पारडी. आणि पहिल्या चुकीचा आरडाओरडा होतो, दुसरी गुपचूप होते. त्यात माणसं वाढली की गणित आणखी बिघडतं. समजा एका परक्या ठशाशी चुकून जुळायची शक्यता लाखात एक आहे. ऐकायला भारी. पण कंपनीत पाचशे माणसं असतील आणि मशीन नंबर न विचारता नुसतं बोट बघून ओळखत असेल तर ते बोट पाचशे ठशांशी ताडून बघितलं जातं, म्हणजे परक्याला आत शिरायची संधी लाखात पाचशे, दोनशेत एक झाली. म्हणून मोठ्या ठिकाणी मी आधी कार्ड दाखवा मग बोट लावा असं करायला सांगतो, मग फक्त एकाच ठशाशी ताडायचं असतं. गिऱ्हाईक म्हणतं, पात्रांव, रांग लागते. मग काय, काढून टाकतो.

आता माझ्या या दारांच्या धंद्यात मेडिकल कुठून शिरलं ते सांगतो.

कोविडात धंदा पार बसला होता, बोट लावायचं मशीन कोणाला नको, सगळे घाबरलेले. मग बाजारात आलं चेहरा ओळखणारं मशीन, वर ताप मोजणारं, मास्क घातला नसेल तर बोंबलणारं. आठ-दहा ठिकाणी मी ते लावलं, खोटं कशाला बोलू, चांगले पैसे सुटले. ताप ३७.३ च्या वर गेला की गेट उघडायचं नाही, फॅक्टरीतून सेटिंगच तसं. म्हणजे दारच डॉक्टर झालं.

एका कंपनीत मे महिन्यात लावलं. पहिल्याच दिवशी सिक्युरिटीच्या मामाचा फोन, "येऊन बघ रे बाबा, अर्धी शिफ्ट बाहेर उभी आहे." जाऊन बघतो तर बसनं उतरून रणरणत्या उन्हात चालत आलेली सगळी पोरं गेटवर, कपाळं तापलेली, मशीन प्रत्येकाला लाल दाखवतंय. आणि साहेब गाडीतून, एसीतून उतरले, त्यांना मशीननं दाखवलं ३४.१. चौतीस डिग्रीचा माणूस म्हणजे थंडीनं गारठून हॉस्पिटलात न्यायचा माणूस, पण गेट हिरवं! कारण ते मशीन अंगातला ताप मोजतच नाही, कपाळाच्या कातडीतून बाहेर पडणारी उष्णता लांबून बघतं आणि त्यात आपल्या मनानं भर घालून आकडा देतं. मामानं उपाय काढला, पोरांना माडाच्या सावलीत दहा मिनिटं बसवायचं, तोंड धुवायला लावायचं, मग पुन्हा मशीनसमोर. तोंड धुतलं की सगळे हिरवे.

दुपारी एचआरच्या मॅडमनी विचारलं, "हे वाढवता येतं का?" मी ३८ केलं. त्यानंतर त्या मशीननं कोणालाही अडवलं नाही. पुढल्या महिन्यात त्याच शिफ्टमधली दोन पोरं पॉझिटिव्ह निघाली, मी नंतर लॉग काढून बघितला, दोघंही रोज ३६.४, ३६.५, हिरवे. त्यांना तापच नव्हता, मशीन तरी काय करणार. मॅडम म्हणाल्या, मशीन चांगलं आहे, कटकट करत नाही.

त्याच दिवसांत आख्ख्या गोव्यालाच असलं गेट लागलं होतं. २०२१ च्या मे महिन्यात हायकोर्टानं सांगितलं की आत येणाऱ्याकडे ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट पाहिजे, आणि पत्रादेवीच्या नाक्यावर गाड्यांच्या रांगा. माझा एक मदतनीस बांद्याहून यायचा, रोजचं येणं-जाणं, त्याचे हाल विचारू नका. त्या आरटीपीसीआरमध्ये पण आकडाच होता. टेस्टमध्ये प्रत्येक फेरीला व्हायरसचा माल दुप्पट करतात आणि कितव्या फेरीला दिसला ते बघतात, त्याला सीटी व्हॅल्यू म्हणायचे, तेव्हा रिक्षावाल्याला पण माहीत होतं. दिल्लीच्या आयसीएमआरनं, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेनं सांगितलेलं, ३५ पर्यंत दिसला तर पॉझिटिव्ह. आता २५ व्या फेरीला दिसणारा आणि ३५ व्या फेरीला दिसणारा यांत दहा वेळा दुप्पट म्हणजे हजारपटीचा फरक, पण कागदावर दोघं एकच, पॉझिटिव्ह. आणि ३६ वाला निगेटिव्ह, जा आत. मला ते वाचून आपलं कोणीतरी भेटल्यासारखं झालं. म्हणजे दिल्लीत बसून पण कोणीतरी पासवर्ड टाकून थ्रेशोल्डच लावतोय की!

पुढची गोष्ट चवथीची. बहिणीचा मुलगा लॅब टेक्निशियनचा कोर्स करतो, चवथीला आलेला. आम्ही दोघं माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळापानांचं छत, बांधत होतो, मी शिडीवर, तो खालून मला तोरिंगणं, कांगल्या, सुपारीचे घोस देतोय, आणि तोंडानं परीक्षेचं पाठांतर चाललंय. मध्येच म्हणाला, "मामा, आरओसी कर्व्ह म्हणजे काय माहीत आहे तुला?" मी म्हटलं, मला रे कसं असणार, मी दारं लावणारा. तर म्हणाला, "रिसीव्हर ऑपरेटिंग कॅरॅक्टरिस्टिक. रक्ताच्या टेस्टमध्ये रिसीव्हर कुठून आला तेच कळत नाही."

रिसीव्हर म्हटल्यावर माझे कान टवकारले. नंतर रात्री शोधून वाचलं. तो रिसीव्हर म्हणजे खरोखरचाच रेडिओचा रिसीव्हर, रडारचा! दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर ठिपका दिसला की तो विमान आहे, पक्ष्यांचा थवा आहे की नुसती खरखर, हे समोर बसलेल्या माणसानं ठरवायचं असे. फार हळवा असेल तर प्रत्येक बगळ्याला सायरन वाजवणार, फार थंड असेल तर विमान डोक्यावर येईपर्यंत गप्प. मग युद्धानंतर गणितवाल्यांनी या दोन चुकांचा एकत्र आलेख काढायची पद्धत बसवली, १९५४ ला मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी ती छापली, आणि १९६० च्या सुमाराला ली लस्टेड नावाच्या डॉक्टरानं तीच पद्धत एक्सरे वाचण्यात आणली. आज कुठल्याही रोगाची नवी टेस्ट निघाली की ती किती खरी हे दाखवायला हाच आलेख काढतात, आणि फिंगरप्रिंट मशीन बनवणारे पण हाच काढतात, फक्त नावं वेगळी. डॉक्टर म्हणतो फॉल्स पॉझिटिव्ह, आम्ही म्हणतो फॉल्स अॅक्सेप्ट.

पर्ल हार्बरची गोष्ट तर मला झोपू देईना. ७ डिसेंबर १९४१, सकाळी सात वाजून दोन मिनिटं, अमेरिकेच्या हवाईतल्या ओआहू बेटावर दोन पोरं रडारवर बसलेली, त्यांना सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास मोठ्ठा ठिपका दिसला, त्यांनी फोन करून कळवलं. पलीकडच्या लेफ्टनंटला वाटलं आपलीच विमानं असतील, त्या सकाळी कॅलिफोर्नियाहून काही यायचीच होती, तो म्हणाला काळजी करू नका. तासाभराच्या आत जपानचे बाँब पडायला लागले. मशीननं बरोबर सांगितलेलं हो! पण शेवटचं बटण माणसाकडे.

भाच्याला मी सकाळी हे सगळं सांगितलं. तो खूष. मग त्यानं मला एक गणित घातलं जे माझ्या डोक्यातून अजून जात नाही. दहा हजार माणसं घे, म्हणे, त्यातल्या दहांना एक रोग आहे. टेस्ट ९९ टक्के बरोबर, आजारी असो की निरोगी. किती जण पॉझिटिव्ह येतील? आजारी दहाच्या दहा धरू. निरोगी उरले ९,९९०, त्यांच्यातल्या एक टक्क्याला चुकून पॉझिटिव्ह, म्हणजे शंभर जण. एकूण ११० पॉझिटिव्ह, त्यात खरे दहा. अकरात एक! मी म्हटलं, अरे म्हणजे टेस्ट ९९ टक्के बरोबर असून पॉझिटिव्ह आलेल्या अकरा जणांतले दहा उगाच रडतायत? तो म्हणाला, म्हणूनच तर दुसरी टेस्ट करतात मामा. आमच्या धंद्यात याला कार्ड प्लस बोट म्हणतात.

कार्डाचं पण सांगून टाकतो, कारण लोकांना वाटतं कार्ड म्हणजे भारी सेफ. कार्डात बॅटरी नसते. रीडरमध्ये तारेचं वेटोळं असतं, त्याच्या आजूबाजूला चुंबकी लहर पसरते, कार्डात पण बारीक वेटोळं, ते त्या लहरीतूनच वीज ओढून घेतं आणि जागं होऊन आपला नंबर बोलतं. कार्डानं दार उघडायचं पेटंट चार्ल्स वॉल्टन नावाच्या माणसानं १९७३ ला घेतलेलं, म्हणजे हे माझ्यापेक्षा जुनं. पण आपल्याकडे अजूनही बहुतेक ठिकाणी १२५ किलोहर्ट्झची स्वस्त कार्डं आहेत, ती कोणीही विचारलं तरी नंबर सांगतात, ना ओळख ना पाळख. बसस्टँडवर मोबाईल कव्हर विकणाऱ्या गाड्यावर पण त्याची कॉपी मिळते. माझ्या स्वतःच्या एका गिऱ्हाइकाकडे एका पोरानं आपल्या कार्डाच्या चार कॉप्या काढून मित्रांना वाटलेल्या, तो घरी झोपलेला आणि हजेरी लागतेय. त्याच्यावरचं १३.५६ मेगाहर्ट्झचं कार्ड बरं, पण त्यातलं पण जगभर खपलेलं मायफेअर क्लासिक, त्याचं कुलूप २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या निमेखनच्या विद्यापीठातल्या लोकांनी फोडून दाखवलं. तरी कार्ड अजून विकलं जातं, मी पण विकतो, पुढलं मागितलं तर देतो, कोणी मागत नाही. आणि हो, लाईट गेली की ईएम लॉक आपोआप सुटतो, तो तसाच बनवलेला असतो, आग लागली तर माणसं आत अडकू नयेत म्हणून. बॅटरी बॅकअप मेला असेल तर गोव्यात पावसाळ्यात कोणाच्याही ऑफिसात शिरायला कार्डाची गरज नाही, वीज जायची वाट बघा.

यंदा आईची शुगर फार वरखाली व्हायला लागली. रोज बोट टोचायचं, त्याच बोटांना, मशीन ओळखत नाही त्या. एक दिवस लॅबमधून रिपोर्ट आलाच नाही, संध्याकाळी फोन आला, उद्या परत सँपल द्या. माझा जीव वरखाली. भाच्याला विचारलं तर त्यानं समजावलं. रक्ताच्या नळीवर बारकोड असतो, मशीन तो वाचतं, टेस्ट स्वतः करतं, आणि आकडा ठरलेल्या हद्दीत असेल तर माणसाचा हात न लागता रिपोर्ट बाहेर जातो. हद्दीबाहेर असेल किंवा मागच्या वेळेपेक्षा एकदम वेगळा असेल तर मशीन तो अडवून ठेवतं, माणसानं बघेपर्यंत सोडत नाही. आईचं पोटॅशियम आलं होतं सात. साडेतीन ते पाच असायला पाहिजे, सात म्हणजे हृदय बंद पडायची पाळी, आणि आई घरी टीव्ही बघत बसलेली. झालेलं काय, घरी सँपल घ्यायला आलेल्या पोरानं नळी स्कूटरच्या डिकीत टाकून खड्ड्याखड्ड्यांतून नेली असणार, लाल पेशी फुटल्या, पेशींच्या आतलं पोटॅशियम बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः आईला लॅबमध्ये घेऊन गेलो. आलं ४.४. मला त्या लॅबच्या मशीनवर जाम जीव बसला. माझं मशीन लाल झालं की माणूस बाहेर राहतो, हे लाल झालं तर निदान कोणाला तरी उठून बघावं लागतं.

ऑक्सिमीटरचं पण तसंच, कोविडात घेतलेला अजून कपाटात आहे. लाल उजेड आणि डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड बोटातून आरपार सोडतो, कुठला किती शोषला गेला त्यावरून ऑक्सिजन. २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठाच्याच डॉक्टरांनी दाखवलं की काळ्या कातडीच्या पेशंटमध्ये घसरलेला ऑक्सिजन तो गोऱ्यांपेक्षा जवळजवळ तिप्पट वेळा हुकवतो, ठीकठाक आकडा दाखवत बसतो. आई म्हणाली, बरं झालं, म्हणजे माझ्या बोटांचाच काही दोष नाही.

शेवटी डॉक्टरांनी दंडावर लावायचं ते बटण दिलं. दोन रुपयांच्या नाण्याएवढं, एक केसासारखी तार कातडीखाली जाते आणि चोवीस तास शुगर वाचते. चालू करताना फोन त्याच्याजवळ न्यायचा, आणि मी चमकलो, हे तर माझंच १३.५६! फोन म्हणजे रीडर, आईचा दंड म्हणजे कार्ड. चालू झालं की पुढे ब्लूटूथवर आपणहून आकडे पाठवतं, ७० च्या खाली गेली की फोन कोकलतो. अलार्मचा आकडा किती ठेवायचा ते मेनूत. अर्थात मेनू मीच उघडला.

दुसऱ्याच रात्री तीनला फोन कोकलला. ५८. मी धडपडत उठलो, साखरेचा डबा घेऊन आईच्या खोलीत, दिवा लावला, तिला हलवून उठवलं, "आई, घाम आलाय का, चक्कर येते का?" ती डोळे चोळत म्हणाली, "तुला कितें जालें?" बोट टोचून बघितलं, १३१.

सकाळी डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, त्या कुशीवर झोपल्या होत्या ना, दंड दाबला गेला की तिथल्या कातडीखालचा रस दाबला जातो आणि सेन्सर खाली दाखवतो. शिवाय तो रक्तातली नाही, कातडीखालच्या रसातली शुगर बघतो, त्यामुळे पाच-दहा मिनिटं मागे पण असतो.

चौथ्या रात्री परत. ६१. टोचलं, ११८. पाचव्या रात्री परत. मी बिछान्यात बसून सेटिंग उघडलं, ७० चं ६० केलं. पंधरा वर्षं हेच केलंय, तक्रार आली की आकडा उतरवायचा, चहा प्यायचा. मग बघत बसलो त्या आकड्याकडे. परत ७० केलं.

आतून आईचा आवाज आला, "झालं तुझं? मी उजव्या कुशीला वळलेय, दिवा मालव आता."